आमच्यात बसवतात

खड्डा रिकामा निघाला.

मुकादमाने शिडीवरून वर येऊन हातमोजे काढले आणि माझ्याकडे न बघता मान हलवली. त्याची दोन माणसं अजून खाली पिवळी ओली माती फावड्याने चाळत होती. हाड नाही, दात नाही, बांगडीचा तुकडासुद्धा नाही. जुनी कबर उघडताना तिच्यावर आभाळ पडू द्यायचं नाही, असं हा चिनी मुकादम मानतो, म्हणून वर निळी ताडपत्री बांधली होती. तिच्याखाली इतकं कोंदलं होतं की श्वास घेववेना. मी काठावर उभी राहून मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. रस्ता आखणाऱ्यांना, इथल्या पावसाला, आणि सगळ्यात जास्त निशिकांतला, कारण तो हाताशी होता.

"विभाताई, इथली माती फार ॲसिडिक आहे," तो हळूच म्हणाला. "इतक्या वर्षांत हाडं विरघळून जातात. होतं असं."

"तू गप्प बस," मी म्हणाले.

मागे घडीच्या खुर्चीवर अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे, हृदय डॉक्टरांच्या भाषेत निम्म्यावर आलेलं, दोन्ही पावलं सुजलेली. अंगात मात्र कडक इस्त्रीचा पांढरा सदरा होता, कारण आज त्यांना त्यांच्या आईला भेटायचं होतं.

अप्पांची आई, माझी आजी, या टेकडीवर पुरलेली आहे. अप्पा तिला अव्वा म्हणतात. आजोबा युद्ध संपल्यावर बायको आणि तान्हं पोर घेऊन बार्शीहून इथे आले आणि सेम्बावांगच्या नौदलाच्या गोदीत कारकून म्हणून लागले. काही वर्षांत अव्वा तापाने गेली. आजोबांनी तिला इथल्या जुन्या दफनभूमीत ठेवलं, वर मराठी अक्षरांचा दगड बसवला आणि मुलाला घेऊन परत बार्शी गाठली. पुढे जन्मभर त्यांनी सिंगापूरचं नाव काढलं नाही. अव्वाचा एक फोटोही घरात नव्हता. अप्पांकडे तिची म्हणून एकच आठवण होती आणि ती त्यांनी मला लहानपणापासून कितीतरी वेळा सांगितली होती. अव्वा त्या दिवशी जेवायला बसल्यासारखी मांडी घालून बसली होती, आणि अप्पांनी कुणाला तरी विचारलं होतं, तिचं ताट कुठंय?

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवतात. गेलेल्या माणसाला भस्म लावायचं, त्याच्या डाव्या हातात त्याचं रोजच्या पूजेचं, गळ्यातलं इष्टलिंग द्यायचं, मांडी घालून बसवायचं आणि तसंच मातीआड करायचं. बार्शीला गावाबाहेर आमच्या लोकांची जागा आहे. तिथे आजोबा बसलेले आहेत, माझी आई बसलेली आहे. अव्वाला तिथे न्यायचं आणि मग आपली वेळ आली की तिच्या शेजारी बसायचं, एवढं एकच अप्पांना आता हवं होतं. आई गेल्यावर मी त्यांना ईस्ट कोस्टच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता. "अव्वा कुठल्या बाजूला आहे गं?"

मला माहीत नव्हतं. शोधलं निशिकांतने, तेही चुकून. तो पुण्याचा. क्लेमेंटीला एका खोलीत भाड्याने राहतो आणि विद्यापीठात इथल्या जुन्या दफनभूमींवर संशोधन करतो. या टेकडीवर मिऱ्यांचे चिनी व्यापारी आहेत, रस्ते बांधणारे तमिळ कंत्राटदार आहेत, सिलोनहून आलेले मास्तर आहेत. ज्यांनी हे शहर पहिल्यांदा उभं केलं ती सगळी माणसं इथे झाडाझुडपांखाली पडलेली आहेत. निशिकांत दर रविवारी पाण्याची बाटली आणि मऊ ब्रश घेऊन त्यांचे दगड धुवायचा. एके दिवशी त्याने इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दगडाचा फोटो टाकला. वर कोरलेला नंदी, खाली देवनागरी अक्षरं. "कुणाला 'लिंगैक्य' म्हणजे काय ते माहीत आहे का? बहुधा हे नुसतं स्मारक असावं. मराठी हिंदू तर दहन करतात."

फोटोतल्या दगडावर तळाशी माझ्या आजोबांचं नाव होतं. मी बँकेच्या जिन्यात उभी राहून त्याला फोन केला. लिंगैक्य म्हणजे आमच्यात वारलेलं माणूस, आणि पुण्याबाहेरही मराठी हिंदू राहतात, हे त्याला जरा मोठ्या आवाजातच समजावून सांगितलं. बिचारा इतक्या वेळा सॉरी म्हणाला की शेवटी मलाच त्याला जेवायला बोलवावं लागलं.

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघांनी जिवाचं रान केलं. टेकडीवर भराव टाकून त्यावरून रस्ता जाणार होता. निशिकांतने अहवाल लिहिला, लोकांना टेकडीवर फिरवून आणलं, बैठकांमध्ये स्लाइड्स दाखवल्या. मी रजा टाकून त्या बैठकांना जाऊन बसले. 'हेरिटेज व्हॅल्यू' हे शब्द तिथे मी इतक्यांदा ऐकले की मला ते स्वप्नात ऐकू यायला लागले. सगळे फार सभ्य होते, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि रस्ता जिथे होता तिथेच राहिला. फक्त काही निवडक दगड उचलून एका कोपऱ्यातल्या बागेत मांडायचं ठरलं. आमचा दगड निवडला गेला. मराठी अक्षरं आणि नंदी, म्हणून दुर्मीळ. निशिकांतला तेवढ्यानेही भरून आलं. मला मात्र त्याच्या डोक्यात तो दगड घालावासा वाटला, कारण दगडाला मूल्य होतं आणि त्याच्याखाली बसलेल्या माझ्या आजीचं काय करायचं, ते नियमात आधीच ठरलेलं होतं.

नियम सोपा होता. कबर उकरायची, जे निघेल ते धर्माप्रमाणे करायचं. ज्यांच्यात पुरावंच लागतं त्यांना दुसरीकडे जागा मिळत होती. आम्ही कागदावर हिंदू, म्हणून आमच्यासाठी दहन. मी किती खिडक्यांवर जाऊन 'लिंगायत' समजावून सांगितलं! अस्थी तशाच बार्शीला नेता येतील का, तेही विचारलं. नाही, राख नेता येईल. शेवटी मी थकले. अप्पांचं हृदय दिवसेंदिवस मंदावत होतं आणि मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी सांगितलं, "अप्पा, सगळं ठरलंय. अव्वाला आपण आहे तशी बार्शीला नेऊ." धडधडीत थाप होती. राख आणि थोडी माती तांब्याच्या कलशात घालून वर कापड शिवून टाकायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. कलश ते उघडणार नाहीत, एवढ्याच भरवशावर मी आज इथे उभी होते. आणि आता कलशात घालायलाही काही नव्हतं.

"विभा!" मागून अप्पांनी हाक मारली. ते काठीवर जोर देऊन अर्धे उठले होते आणि खड्ड्याकडे हात करून काही सांगू बघत होते. "अगं, ते असं नाही..."

"थांबा अप्पा, एक मिनिट," मी म्हणाले. कारण कबरी हलवण्याचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसातून आलेली मुलगी हातातला टॅब सावरत माझ्याकडे येत होती. चेहऱ्याने गोड, वयाने माझ्या मुलीएवढी. ती इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, क्रिमेशनचा स्लॉट आज दोन वाजताचा धरलाय. पण जाळायला काहीच मिळालं नाही, तर मला तो कॅन्सल करावा लागेल, ओके?"

मी तिला घाईघाईने बाजूला नेलं. स्लॉट राहू दे, आम्ही अजून शोधतोय, असं दबक्या आवाजात सांगितलं. मग अप्पांकडे वळले. ते पुन्हा खुर्चीत बसले होते.

"काय म्हणत होता, अप्पा?"

"काही नाही. पाणी दे."

मी पाणी दिलं. मला एकदम बार्शीच्या जंगमस्वामींची आठवण झाली. आमच्यातले शेवटचे विधी तेच करतात, आईचेही त्यांनीच केले होते. तिथे अजून नीट उजाडलंही नसेल, तरी मी फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, खड्ड्यात मधोमध शोधताय होय?" ते म्हणाले. "मग कशा सापडतील? खड्डा आपल्यात नुसता उतरायला असतो. बसवायला त्याच्या एका भिंतीत कोनाडा खणतात. त्यात बसवायचं आणि मग खड्डा बुजवायचा."

"कुठल्या भिंतीत?"

"आपल्याकडं ठरलेली असते. पण परमुलखात, तेही टेकडीवर, उतार बघून केलं असंल. तिथं जो हजर होता त्याला विचारा."

मला हे ठाऊक नव्हतं. कुठून असणार? आई गेली तेव्हा मला फाटकावरूनच परत पाठवलं होतं, बायकांनी आत यायचं नाही म्हणून. तो राग अजून माझ्या मनात आहे. पण त्या क्षणी मला राग आला नाही, इतका आनंद झाला. अव्वा विरघळलेली नव्हती. ती बाजूला, भिंतीत बसलेली होती, आणि आम्ही वेड्यासारखे तिच्यासमोरची माती चाळत होतो.

मी धावतच मुकादमाला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. एवढ्या वर्षांत त्याने हजारो कबरी उघडल्या असतील, पण भिंतीत बसलेल्या माणसाबद्दल त्याने कधी ऐकलं नव्हतं. ऑफिसातल्या मुलीने घड्याळाकडे, मग आभाळाकडे पाहिलं. सेम्बावांगच्या दिशेने आभाळ काळं झालं होतं. "एक बाजू," ती म्हणाली. "सॉरी मॅडम, चारही बाजू खणल्या तर सगळं आत कोसळेल. त्याच्यावर दुसऱ्यांच्या कबरी आहेत. तुमच्या वडिलांना नीट आठवून सांगू द्या."

मी अप्पांपुढे गुडघ्यांवर बसले. "अप्पा, अव्वाला भिंतीतल्या कोनाड्यात बसवलं होतं ना? कुठल्या बाजूला? आठवा. प्लीज आठवा. तुमच्याशिवाय आता कुणालाच माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग खड्ड्याकडे पाहिलं. एका अंगाला टेकडी वर चढत जात होती, दुसऱ्या अंगाला उतार खाली जुन्या रस्त्याकडे जात होता. आजोबांना आणि माझ्या आईला बसवताना अप्पा तिथे हजर होते. मग कोनाड्याचं ते आपणहून कसं बोलले नाहीत, असं माझ्या मनात येऊन गेलं. वय झालंय, विसरले असतील, असं मीच मला सांगितलं.

त्यांनी काठी उचलली आणि उताराच्या बाजूकडे दाखवली. "तिकडं."

"नक्की?"

"नक्की."

दोन्ही माणसं पुन्हा खाली उतरली. उताराच्या भिंतीत त्यांनी हात जाईल एवढं, मग माणूस बसेल एवढं, मग त्याच्याही आत खणलं. माती निघत राहिली. निशिकांत टॉर्च धरून उभा होता. मला त्याचं तोंड दिसत होतं आणि त्याच्या तोंडावरूनच मला कळत होतं. मुळं, खडी, पुन्हा मुळं. पावसाचे थेंब ताडपत्रीवर वाजायला लागले आणि मुकादमाने आपल्या माणसांना वर बोलावलं.

"अजून एक बाजू," मी म्हणाले. "फक्त एक. वरची."

"नो, मॅडम. डेंजरस लाह," मुकादम इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला.

मग मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी बँकेत काम करणारी, चारचौघांत आवाज न चढवणारी बाई आहे, असं लोक समजतात. मी चपला काढल्या आणि शिडीवरून खाली उतरले. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले. टेकडीच्या बाजूची भिंत माझ्यासमोर होती. मी ती दोन्ही हातांनी उकरायला लागले. माती तिथे भुसभुशीत होती, मुठीत सहज येत होती. वरून सगळे ओरडत होते आणि मी रडत होते. अव्वा, एकदा हाताला लाग, एवढंच म्हणत होते. जिला मी कधी पाहिलं नाही तिला मी अगं-तुगं करून ओरडत होते, की तुझा पोरगा मरायला टेकलाय, त्याला इतकं तरी दे.

"विभा!"

तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी रस्त्यात मोटारीपुढे धावले होते, तेव्हा अप्पांनी असा आवाज दिला होता. मी वर पाहिलं. ते काठाशी उभे होते, काठीशिवाय, निशिकांतने त्यांना दंडाला धरलं होतं.

"वर ये. आत्ताच्या आत्ता वर ये."

"अप्पा, इथली माती मऊ आहे..."

"हात काढ तिथून. वर ये म्हटलं ना!"

मी वर आले. पन्नाशीची बाई, पण त्या आवाजापुढे माझं काही चाललं नाही. मुकादमाने शिडी ओढून घेतली. ऑफिसातल्या मुलीने मला टिश्यूंचं पाकीट दिलं आणि टॅब पुढे केला. 'अवशेष मिळाले नाहीत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. तिच्याखाली मी चिखलाच्या बोटाने सही केली. मुलगी हळव्या आवाजात म्हणाली, "खूप फॅमिलीज मूठभर माती घेतात, मॅडम. टोकन म्हणून. तिचं क्रिमेशन करता येतं."

मी हो म्हणणार होते. अप्पा मध्येच स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "नो, थँक यू, माय डिअर. लीव्ह इट."

खड्डा बुजायला फार वेळ लागला नाही. पाऊस टेकडीच्या पलीकडून निघून गेला होता. क्रेनने दगड उचलला, नंदीला गोणपाटात गुंडाळलं आणि निशिकांत त्याच्यामागे ट्रकबरोबर गेला. जाताना त्याने अप्पांच्या पाया पडून म्हटलं, "आजोबा, दगड तरी वाचला." अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही दोघंच राहिलो. मी खुर्ची मिटत होते. मान वर केली तर अप्पा जागेवर नव्हते. ते बुजवलेल्या खड्ड्याला वळसा घालून टेकडीच्या बाजूला गेले होते आणि गवतात वाकून उभे होते. खिशातून त्यांनी भस्माची डबी काढली, चिमूटभर गवतावर टाकलं, मग सकाळी देव्हाऱ्यातून आणलेलं बेलाचं पान तिथे ठेवलं. वाकून जमिनीला हात लावला. ज्या भिंतीत मी उकरत होते, ती त्यांच्या पायाखाली होती.

"अप्पा, तुम्हाला ठाऊक होतं."

"मग? माझ्या डोळ्यांसमोर बसवली तिला. टेकडीला पाठ लावून, म्हणजे पाऊस आत येणार नाही, असं बाबा म्हणाले होते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगायलाच उठलो होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात ती पोरगी दोन वाजताचं बोलली. तीस वर्षं रेल्वेत इंग्रजी पत्रं लिहिली मी, विभा. तुला काय वाटलं, मला कळत नाही?"

कलश घरी स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात होता, कापड आणि सुईदोऱ्यासकट. ते त्यांना माहीत होतं की नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

"तुझ्यावर राग नाही," ते म्हणाले. "तू माझ्यासाठीच केलंस. पण तू खाली उतरलीस तेव्हा मात्र माझा जीव गेला होता. अजून हातभर उकरलं असतंस ना, तर तुझं बोट तिच्या गुडघ्याला लागलं असतं. मग तिला उठवून नेली असती."

"अप्पा, इथून रस्ता जाणार आहे. वरून ट्रक जातील."

"जाऊ देत. बसलीय ती. लिंग हातात आहे तिच्या."

"आणि तुम्ही? तुम्हाला तिच्या शेजारी..."

ते हसले, पण डोळे भरून आले होते. लहान मुलासारखा ओठ बाहेर आला होता. आईला शेवटचं सोडून निघालेलं ते पोर मी पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांना धरलं. सदऱ्यावर माझ्या हातांचा चिखल लागला. ते बराच वेळ रडले आणि मी त्यांना रडू दिलं.

मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून ते म्हणाले, "एक काम कर माझं. मला गावी नेऊन सोड."

"नेईन की. थोडं बरं वाटू दे, मग..."

"बरं वाटायची वाट बघू नकोस. इथं काही झालं, तर मलाही दोन वाजताचा स्लॉट देतील. श्वास चालू आहे तोवर ने."

बार्शीला आता कुणी नाही. घर भाड्याने दिलंय, मागची एक खोली तेवढी आपली आहे. शेजारचे डॉक्टर चांगले आहेत, पण हृदयाचं मोठं हॉस्पिटल सोलापूरला. माझी नोकरी इथे, मुलगी इथे शिकते. हे सगळं मी म्हणू शकले असते. ते सगळं अप्पांनाही ठाऊक होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, सकाळी ती बाजू दाखवण्यापूर्वी बघत होते तसे.

मी हातांचा चिखल ओढणीला पुसला आणि तिथेच उभ्या उभ्या फोनवर मुंबईची विमानं बघायला लागले. तिकीट एकेरी की परतीचं, असं ॲपने विचारलं. मी माझं परतीचं काढलं आणि अप्पांचं एकेरी.